वय अंदाजे तीन वर्षे

मीठ धरायला लागलं होतं, तेवढ्यात पाऊस आला. अवेळी आला आणि दोन दिवस हटला नाही. वाफ्यांमध्ये पांढरी साय धरली होती, ती डोळ्यांदेखत विरघळली. बांधावर ओढून ठेवलेल्या राशींवर ताडपत्री टाकायला माणसं धावली, तर वाऱ्यानं ताडपत्रीच उचलून खाडीत नेली. ऊन पडलं तेव्हा मिठागरात मीठ नव्हतं. नुसतं गढूळ पाणी होतं आणि त्यात स्वच्छ आभाळ दिसत होतं.

आता ते गोडं पाणी बाहेर सोडायचं, गाळ उपसायचा, वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून पुन्हा दगडासारखा करायचा आणि भरतीचं पाणी आत घेऊन पहिल्यापासून उन्हाची वाट बघायची. खालच्या आगरातली सगळी घरं त्याच कामाला लागली. त्यातलं एक घर भरती म्हातारीचं. घरात तिघंच होती. ती, तिचा लेक आणि सून. नात लग्न होऊन लांब गेली होती.

भरती हे काही तिचं हौसेनं ठेवलेलं नाव नव्हतं. मोठ्या वादळाच्या पुरात एका वाहत आलेल्या छपरावर ती या आगराला लागली, तेव्हा असेल तीनेक वर्षांची. भरतीनं आणली म्हणून भरती. एका मजुरानं तिला घरात घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण घरात आधीच खाणारी तोंडं पुष्कळ, आणि मीठ कमी निघालं की त्याची जीभ सुटायची. तुझ्या माणसांनी तुला छपरावर टाकली आणि आपापले जीव वाचवले, आम्ही उचलली म्हणून आहेस, असं तो म्हणायचा. त्याचं ऐकून त्याची पोरं म्हणायची, पोरांचं ऐकून शेजारी. ऐकता ऐकता ते तिच्या अंगवळणी पडलं. ती सगळ्यांच्या शेवटी जेवायची, सगळ्यांच्या आधी वाफ्यात उतरायची आणि रडायची नाही. लेकाच्या लग्नात कुणीतरी थट्टेनं विचारलं होतं, नवऱ्या मुलाचं आजोळ कोणतं म्हणायचं? ती म्हणाली, "पाणी." मांडवभर लोक हसले. तीही हसली.

तळ तुडवायचं काम बायकांचं. रांगेत उभं राहायचं, शेजारणीच्या खांद्यावर हात टाकायचा आणि टाच रोवत रोवत पुढं सरकायचं. म्हातारी अजून रांगेत उभी राहायची. तिच्या डाव्या पायाची, अंगठ्याशेजारची दोन बोटं जन्मापासून एकमेकांना जोडलेली होती. त्या जोडाखाली खार बसून कातडी फुटायची आणि एकदा फुटली की हंगाम संपेपर्यंत मिटायची नाही. सून संध्याकाळी तो पाय गोड्या पाण्यानं धुऊन त्याला तेल लावायची. म्हातारी म्हणायची, राहू दे गं, उद्या परत फुटायचाच आहे. पण पाय मागं घ्यायची नाही.

पावसानं मीठ नेलं त्याच आठवड्यात मुकादम एक कागद घेऊन आला. आगर नव्या मालकानं घेतलं होतं आणि त्याला वस्तीची जागा मोकळी हवी होती. ज्यांचं घर पन्नास वर्षांच्या आधीपासून इथं आहे त्यांना हात लावता येणार नव्हता. बाकीच्यांनी महिनाअखेर उठायचं होतं. मुकादम हे सगळं खाली बघून बोलला. त्याच्या आजाच्या नावाची जुनी पावती त्याच्याकडं होती. इतरांकडंही काही ना काही निघालं. भरतीच्या घरात मात्र चिटोरंसुद्धा नव्हतं. तिचा नवरा बाहेरून कामाला आलेला आणि आता मरून गेलेला. वाढवणाऱ्याची पोरं शहरात पांगलेली. आणि जी पाण्यातून आली तिच्या जन्माची नोंद कोण ठेवणार?

लेक तरीही कचेरीत गेला. तिथल्या कारकुनानं जुनी दप्तरं उघडायचीही तसदी घेतली नाही. तो म्हणाला, आईचं नाव भरती, बापाचं नाव नाही, गाव नाही, मी शोधू काय? लेकानं वादळाची हकिकत सांगितली. कारकून शेजारच्याकडं बघून हसला.

"एवढी मोठी गोष्ट घडली म्हणता, तर पेपरात आली असेल की. आणा कात्रण, लावतो शिक्का."

त्यानं ते चेष्टेनं म्हटलं होतं. लेकानं घरी येऊन ते जसंच्या तसं बायकोला सांगितलं, आणि तिनं ते खरं धरलं. ती सातवीपर्यंत शिकलेली. लग्नाआधी गावातल्या वाचनालयात तिनं पेपरांचे गठ्ठे बांधलेले पाहिले होते. ती म्हणाली, "अहो, पेपर कुणी फेकत नाही. कुठंतरी ठेवतातच. बघून तर येऊ."

जिल्ह्याच्या वाचनालयाच्या मागच्या बाजूला, लोखंडी जिन्यानं वर गेलं की जुन्या वर्तमानपत्रांची खोली होती. ग्रंथपाल बाईंना धुळीचा खोकला होता आणि त्या नाकातोंडाला फडकं बांधून बसायच्या. त्यांनी दोघांना पिशवी बाहेर ठेवायला सांगितली, पेन असेल तर तेही. लिहायचं तर शिसपेन्सिलनं. कुठल्या वर्षीचं हवं, असं त्यांनी विचारलं. वर्ष काही यांना सांगता येईना. मोठं वादळ, एवढंच. बाई उठल्या, आत गेल्या आणि खिडकीच्या झडपेएवढे मोठे दोन बांधीव खंड एकावर एक घेऊन आल्या. मोठं वादळ त्यांनाही ठाऊक होतं. त्यांची आजी त्यात गेली होती.

लेकानं पहिल्या खंडाला हात घातला तशा बाई म्हणाल्या, "थांबा. हात बघू."

त्यानं दोन्ही हात पुढं केले. तळव्यांना आडव्या-उभ्या भेगा होत्या आणि भेगांमध्ये मिठाच्या पांढऱ्या रेघा. बोटांची टोकं कानशीसारखी खरखरीत झालेली. तो म्हणाला, मी धुऊन आलोय. बाई म्हणाल्या, धुऊन जाणारं नाही ते, कागद जुना आहे, नुसत्या स्पर्शानं तुटतो, तुमच्या हाताला अडकून फाटेल. आवाज चढवून नाही बोलल्या. पण पलीकडच्या टेबलावर दोन शिकलेली माणसं बसली होती, त्यांनी मान वर करून पाहिलं. लेकानं हात मागं घेतले आणि बाकावर मांड्यांखाली दाबून धरले. मग सगळा वेळ तो तसाच बसला. पानं उलटायचं काम बायकोनं केलं. तिचे हातही काही लोण्याचे नव्हते, पण ती कोपऱ्याला नख लावून, श्वास धरून पान उचलायची.

पेपर आठवड्यातून एकदा निघणारा. वादळानंतरच्या पहिल्या अंकात नुसते मेलेले होते. गावोगावचे, वाड्या-वस्त्यांचे, रकानेच्या रकाने. ती ओठांनी वाचत राहिली. मधेच एखादं घरच्या घर गेलेलं असायचं, आजापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत, तेव्हा ती थांबायची आणि मग पुढं जायची. नवरा कुजबुजून विचारायचा, आलं का? ती मान हलवायची. एक दिवस असा गेला. मुकादम संध्याकाळी म्हणाला, तळ कोण तुडवणार, तुमचा पेपर? दुसऱ्या खेपेला दोघं पहाटेच बांधावर जाऊन गाळ उपसून आली आणि मग एसटी धरली. लेकाला बाकावर बसल्या बसल्या झोप लागली.

बायकोनं त्याला कोपरानं हलवलं. पानाच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, वाहून गेलेल्या गुरांच्या बातमीखाली, तीन ओळी होत्या. खालच्या मिठागरात पुराबरोबर वाहत आलेल्या छपरावर एक मुलगा, वय अंदाजे तीन वर्षे, जिवंत सापडला. चिखलाने केस लडबडल्यामुळे डोके भादरण्यात आले. मिठागरातील एका मजुराने सांभाळ पत्करला आहे.

त्यानं विचारलं, मुलगा?

"मुलगा लिहिलंय."

वादळात आगराला लागलेलं जिवंत पोर एकच होतं. हे आगरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. बाईंनी येऊन पाहिलं. त्या म्हणाल्या, तेव्हा शिशाचे खिळे एकेक करून हातानं जुळवायचे. वेलांटीच्या जागी काना लागला असेल. नाहीतर भादरलेलं डोकं बघून बातमी देणाराच फसला असेल आणि पुढचं सगळं मुलाचं म्हणून लिहिलं गेलं असेल. असं व्हायचं, त्या म्हणाल्या.

कारकून हे चालवून घेणार नाही, हे लेकाला लगेच कळलं. बाईंनी मग सुचवलं की पुढचे अंकही बघा. चूक झाली असली तर कधी कधी दुरुस्ती छापतात. म्हणून बायको पुढं गेली. दुरुस्ती नव्हती. दोन अंक सोडून शेवटच्या पानावर, बी-बियाण्यांच्या आणि दम्याच्या औषधाच्या जाहिरातींमध्ये एक चौकट होती. ती तिनं आधी मनात वाचली. मग नवऱ्याकडं न बघता हळू वाचून दाखवली.

"हरवली आहे. मुलगी, वय तीन. पुरात वरच्या घाटावरून घराच्या छपरासह वाहून गेली. डाव्या पायाची दोन बोटे जोडलेली आहेत. हाक मारल्यास ठकू या नावाला ओ देते. तिची आई पुरात गेली. मला दुसरे कोणी नाही. ज्यांना आढळेल त्यांनी कळवावे, मी कोठेही येईन. होड्यांचा सुतार, वरचा घाट."

 मांड्यांखालचे हात लेकानं बाहेर काढले आणि टेबलावर ठेवले, कागदापासून लांब. बाईंनी ते पाहिलं आणि राहू दिले.

वरचा घाट म्हणजे नदीनं वर गेलं तर एका दिवसाची वाट. सुतारानं त्या तीन ओळी वाचल्याच नसतील, किंवा वाचल्या असतील आणि मुलगा हा शब्द बघून तो पुढच्या बातमीकडं गेला असेल. कोण सांगणार? आणि आगरात तर त्या काळी पेपर यायचा तो फक्त मालकाच्या कचेरीत. वाचता येणारं दुसरं कुणी नव्हतं.

घरासाठी जे हवं होतं ते मिळालं होतं. बोटांची खूण होती. तेवढं उतरवून घेऊन उठता आलं असतं. पण बायको म्हणाली, एकदाच छापून माणूस गप्प बसला नसेल. बाईंनी न मागताच पुढच्या वर्षाचा खंड आणून ठेवला, मग त्याच्या पुढचा.

पहिला महिनाभर चौकट दर आठवड्याला होती. नंतर वर्षातून एकदा, वादळाच्या तारखेच्या अंकात. मजकूर तोच, फक्त वय पुढं सरकत होतं. आता चार वर्षांची असेल. आता सहा वर्षांची असेल. एका वर्षी त्यानं घातलं होतं की दात पडले असतील, तरी बोटांवरून ओळखता येईल. आता बारा वर्षांची असेल, कुणी कामाला ठेवली असल्यास माझी तक्रार नाही, फक्त कळवावे. पुढं, आता ती लग्नाची झाली असेल, ज्यांच्या घरी दिली असेल त्यांच्याकडून मला काही नको, लांबून पाहून जाईन. बायको इथं थांबली. तिनं पाणी मागितलं, तर बाईंनी तिला बाहेर जिन्यावर नेऊन पाजलं, कारण खोलीत पाणी आणायची मनाई होती.

शेवटची चौकट पुष्कळ वर्षांनंतरची होती. आता सत्तावीस वर्षांची असेल. माझी दृष्टी गेली आहे. तिने आल्यावर काहीतरी बोलावे, म्हणजे मला कळेल. त्याच्या पुढच्या वर्षी त्या तारखेला चौकट नव्हती. त्याच्या पुढच्याही नव्हती.

परतीच्या एसटीत लेक खिडकीकडं तोंड करून बसला होता. तसाच तो म्हणाला, "सत्तावीस म्हणजे मी तेव्हा होतो. चांगला पाच वर्षांचा होतो."

आईला सांगायचं की नाही, यावर त्यांचं एकमत होईना. लेकाचं म्हणणं, कचेरीत बोटं दाखवून येऊ, बाकीचं कशाला? सगळा जन्म निघून गेला तिचा, आता हे तिच्या गळ्यात कशाला घालायचं? सून म्हणाली, चार लोकांत पाय वर करायला लावणार आणि का ते सांगणार नाही? ते तिला परक्याच्या तोंडून कळलं तर? लेकानं मानलं. त्यानं सांगायचं काम मात्र तिच्यावरच टाकलं.

तिनं सांगितलं दुसऱ्या दिवशी, वाफ्यात. इतर बायका पलीकडच्या वाफ्यात होत्या. दोघी एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून तळ तुडवत होत्या आणि त्यामुळं तिला सासूच्या तोंडाकडं बघावं लागलं नाही. तिनं आधी बातमी सांगितली, मग सुतार, मग चौकटी. कागदावर उतरवून आणलेलं तिनं जवळजवळ पाठ केलं होतं. म्हातारीची टाच थांबली नाही. एक ओळ संपली, वळून दुसरी ओळ धरली. खांद्यावरचा हात तेवढा जड झाला.

"बारा वर्षांची असेल, ते परत म्हण," ती म्हणाली.

सुनेनं परत म्हटलं.

"बारा वर्षांची होते तेव्हा मी याच वाफ्यात होते. डोक्यावर पाटी होती माझ्या." थोडं पुढं जाऊन ती म्हणाली, "त्याला लिहिता येत होतं?"

"लिहून घेतलं असेल कुणाकडून. नाहीतर येत असेल."

तिनं ओळ संपवली. मग बांधाला टेकून खाली बसली. कामाच्या वेळी ती अशी कधी बसली नव्हती. तिनं ते नाव दोनतीनदा हळूच म्हणून पाहिलं, ठकू, ठकू, चिंच चोखून बघावी तसं. सुनेला वाटलं, आता काहीतरी आठवेल. पण म्हातारीनं मान हलवली.

"काहीच नाही गं. दुसऱ्या कुणाच्या पोरीचं वाटतं."

आणि मग ती रडली. तिला रडता येत नव्हतं. सवयच नव्हती. खोकल्याची उबळ यावी तसं ते बाहेर आलं आणि तिनं चिखलाच्या हातानंच तोंड दाबून धरलं. सून शेजारी बसली. पलीकडच्या बायका थांबून बघायला लागल्या. तिला जरा दम आला तेव्हा ती म्हणाली, "मला टाकली होती, तेच बरं होतं. मी त्याच्यावर निभावून नेलं सगळं. त्या माणसाला मी रोज शिव्या दिल्यात. रोज. पाटी उचलताना त्याच्या नावानं बोटं मोडल्याशिवाय उचलली नाही मी. आणि तो तिकडं माझे दात मोजत बसला होता."

त्या दिवशी तिनं जेवणाला हात लावला नाही. सुनेनं पाय धुवायला पाणी आणलं तर पाय पोटाशी घेतले. नुसती बोटांकडं बघत बसली.

कचेरीत तिघंही गेली. ग्रंथपाल बाईंनी वाचनालयाचा शिक्का मारून दिलेली नक्कल कारकुनानं हातात घेतली, तीन ओळी वाचल्या आणि बोट ठेवून म्हणाला, इथं मुलगा लिहिलंय. सुनेनं चौकटींच्या नकला पुढं केल्या. तो म्हणाला, कशाचा संबंध कशाशी लावताय? मग म्हातारीनं चप्पल काढली. शेजारच्या स्टुलावर डावा पाय ठेवला, फुटलेला, तेलानं चकाकणारा, आणि लुगडं घोट्याच्या वर धरलं. रांगेतले लोक पुढं झुकले.

"मावशी, पाय खाली घ्या," कारकून म्हणाला.

"आधी नीट बघ. परत दाखवायला मी येणार नाही."

आतल्या खोलीतून साहेब बाहेर आले. त्यांनी कागद उभ्या उभ्याच वाचायला घेतले आणि मग कारकुनाच्या खुर्चीवर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. त्यांनी म्हातारीला काही विचारलं नाही. सही केली, कारकुनाला शिक्का मारायला लावला आणि वयाच्या रकान्यात स्वतःच्या हातानं सदुसष्ट लिहिलं. आजवर तिला कुणी वय विचारलं तर ती म्हणायची, असेल साठ-सत्तर. बापानं मोजून ठेवलं होतं म्हणून आकडा लागला.

घर राहिलं. लेकानं मुकादमाला कागद दाखवला. मुकादमाला खरंच बरं वाटलं. त्यानं चहा पाजला. वाफ्यांमध्ये भरतीचं पाणी घेतलं होतं आणि ऊन लागायला लागलं होतं. सगळं पूर्ववत व्हायला हरकत नव्हती. लेकानं मधल्या एका सुट्टीत वरच्या घाटावर फेरीही मारली. तिथं आता पूल झाला होता आणि होड्या कुणी बांधत नव्हतं. एका चहावाल्याला आंधळा सुतार ऐकून माहीत होता. तो काठावर बसायचा आणि उतारूंना बोलायला लावायचा, असं त्याचा बाप सांगायचा. घर कुठं होतं, हे त्याला सांगता आलं नाही. लेकानं घरी येऊन एवढंच सांगितलं की कुणी भेटलं नाही.

पुढं चारपाच दिवसांनी म्हातारी सुनेला म्हणाली, मला पेपरात छापायचं आहे.

काय छापायचं?

"मी सापडले म्हणून."

लेकानं समजूत घालून पाहिली. तो म्हणाला, आई, आता हे वाचणार कोण? म्हातारीनं त्याच्याकडं असं बघितलं की जणू तो अजून पाच वर्षांचाच होता.

"त्यानं छापलं तेव्हा तरी कोण वाचत होतं?"

पेपर आता रोज निघायचा. पेपरच्या कचेरीतल्या पोरीनं विचारलं, कुठल्या सदरात घालू? सून म्हणाली, हरवले-सापडले. पोरीनं मजकूर विचारला. म्हातारी तो मनात ठरवूनच आली होती. होड्यांच्या सुताराची मुलगी ठकू सापडली आहे. वय सदुसष्ट. खालच्या मिठागरात लेक-सुनेपाशी आहे. पोरीनं लिहून घेतलं आणि सवयीनं विचारलं, पुढं सुखरूप आहे असं घालायचं का, बहुतेक जण घालतात. म्हातारी या शब्दापाशी अडली. तिनं स्वतःच्या हातांकडं बघितलं. मग सुनेकडं.

"घाल," ती म्हणाली. "त्याला बरं वाटेल."

छापून आलं त्या दिवशी मुकादमानं मालकाच्या कचेरीतला पेपर आणून दिला. वाफ्यांमध्ये नवं मीठ धरलं होतं, पहिली ओढ सुरू होती आणि सगळे कामाला जुंपलेले. सुनेनं बांधावर उभं राहून ती चौकट वाचून दाखवली. म्हातारीनं वेलांटी नीट आहे का विचारलं, आहे म्हटल्यावर हातातली मीठ ओढायची फळी खाली ठेवली, डोक्याला बांधलेलं फडकं सोडून झटकलं, पुन्हा नीट बांधलं आणि एसटी थांबते त्या रस्त्याच्या तोंडाशी, दगडावर जाऊन बसली.

ती दुपारीही आली नाही, तेव्हा लेक डबा घेऊन गेला. एसटी येऊन गेल्या होत्या. दोन-चार माणसं उतरून आपापल्या वाटेनं गेली होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"आई, तो आता नसणार गं."

"ठाऊक आहे मला. मी काय खुळी झाले?" तिनं डबा घेतला आणि शेजारी ठेवला. "त्यानं एवढी वर्षं वाट बघितली. आपण एक दिवस बसलं तर काय बिघडलं?"

लेकानं डबा तिच्या हाताशी सरकवला. मग उठून वाफ्यात गेला. सुनेनं स्वतःची ओळ संपवून सासूची फळी उचलली आणि तिच्या वाटणीचं मीठ ओढायला सुरुवात केली. रस्त्यावर आणखी एक एसटी थांबली, कुणीतरी उतरलं, आणि म्हातारी दगडावरून उठून उभी राहिली.